जिन्यातून आलेला उखाणा

सांजेचा दिवा लावून मग लिहायला बसले आहे. दिवा समोर असताना मी खोटं बोलत नाही. लिहिणारही नाही.

हे माझ्याच घरात घडलं. नेदरलँड्समध्ये, एनस्खेडे गावात. २०२४ सालच्या मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी. त्या दिवशी ख्रिसमसची दुसरी सुट्टी होती आणि एकादशीही आली होती. दुकानं बंद, रस्ते ओस. धुकं असं, की समोरच्या घरातले दिवेही दिसत नव्हते.

पटलं नाही तर सोडून द्या. मी वाद घालणारी बाई नाही.

आमचे हे, म्हणजे शैलेंद्र, खाणींचे इंजिनिअर आहेत. मी एरवी त्यांचं नाव घेत नाही, इथे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. मुलं नाहीत आम्हाला. आम्ही दोघंच.

पेरू देशातल्या डोंगरात सोन्याची एक छोटीशी खाण होती. पाच हजार मीटरच्या आसपास उंचीवर. चार पत्र्याच्या शेड, एक जनरेटर, मूठभर माणसं. तिथल्या परिस्थितीवर नजर ठेवणं हे यांचं काम. रस्ता उघडा आहे का, बर्फ किती पडलं, पाइपातलं पाणी गोठलं का, जनरेटर दम धरतोय का, माणसं दम धरतायत का. अधूनमधून तिथे जायचं, आणि बाकीचे दिवस आमच्या माळ्यावरच्या खोलीत बसून तिथल्या कॅमेऱ्यात बघत राहायचं.

आणि आम्ही राहतो हॉलंडात. इथे सायकलवरून पूल ओलांडला तरी लोक म्हणतात, आज चढ लागला.

ऑक्टोबरात हे तिकडून परत आले. मी ताट वाढलं, आणि माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं.

बोटात अंगठी नव्हती. साखरपुड्याची. आंघोळीलासुद्धा कधी काढली नव्हती ती.

"अहो, अंगठी?"

"राहिली तिथेच."

"राहिली म्हणजे?"

"खाणीत शिरताना सगळे काढतात. तोंडाशी एक मोठा खिळा आहे, त्याला अडकवायची. त्या लोकांची रीत आहे. आणि आत बायकोचं नाव काढायचं नाही."

"का बरं?"

हे हसले. "डोंगर बाई आहे म्हणतात. तिला सहन होत नाही."

"मग निघताना परत घ्यायची ना."

"लक्षातच आलं नाही गं."

मला हसू आलं नाही.

यांची तब्येतही बिघडली होती. ओठ काळपट, सतत डोकं दुखायचं. इथल्या डॉक्टरांनी आधी नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल दिली. मग रक्त तपासलं, आणि स्वतःच फोन केला. रक्त फार दाट झालंय, आता पुन्हा त्या उंचीवर जाऊ नका, जिवाशी येईल.

तरीही जानेवारीचं तिकीट काढलेलं होतं. हे म्हणायचे, "एकदाच जाऊन येतो. मग बंद."

म्हणून त्या वर्षीचे गुरुवार मी एकाच मागण्यासाठी धरले. यांना परत त्या डोंगरावर जावं लागू नये. बाकी काही नको.

यांनी येताना एक दगड आणला होता. मुठीएवढा, पांढरा, मधून सोन्याची बारीक रेघ गेलेली. सदऱ्यात गुंडाळून आणला होता. माझ्यासाठी ते कधी काही गुंडाळून आणत नाहीत, तेही तिथेच मनात आलं.

पहिल्या गुरुवारी कलश मांडला, आणि मी तो दगड कलशाशेजारी ठेवला. सोनं म्हणजे लक्ष्मीच, असा माझा साधा विचार. हळदकुंकू लावलं. खण ठेवला, नारळ ठेवला, तांदूळ घातले. रीतसर ओटी भरली.

"अगं, सॅम्पल आहे ते," हे म्हणाले.

"असू दे. घरी आलीय ना, मान द्यायला हवा."

दुसऱ्या गुरुवारी नैवेद्याचा भात शिजेना.

नैवेद्याचा भात मी कुकरला लावत नाही, पातेल्यातच करते. पाणी नेहमीपेक्षा लवकर खळखळलं. वाफ कोंदली. पण शीत दाबून पाहिलं तर... आत कच्चं. अजून पाणी घातलं. अजून ठेवला. तरी कच्चा. शेवटी देवापुढे दूधसाखर ठेवली.

हे पातेल्यात डोकावले. त्यांचा चेहरा असा खुलला, जणू कुणी ओळखीचं भेटलं.

"साइटवर अस्संच होतं," म्हणाले. "हवा विरळ असली की पाणी लवकर उकळतं. भात मात्र शिजत नाही."

"पण आपण एनस्खेडेत आहोत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी उर्मट बोलले असावे, तसं.

मग त्यांनी तो दगड उचलला. खाली घातलेल्या खणासकट. "माझ्या टेबलावर ठेवतो," म्हणाले, आणि माळ्यावर घेऊन गेले.

त्या दिवसापासून स्वयंपाकघरातला भात शिजायला लागला.

आणि माळ्यावर...

मी चहा घेऊन वर जायचे तर शेवटच्या पायऱ्यांवर धाप लागायची. इथले जिने उभे असतात, कबूल. पण मी हा जिना रोज कपड्यांची बादली घेऊन चढते. आता छातीत हवाच पुरायची नाही. दाराशी उभं राहून श्वास गोळा करावा लागायचा.

यांच्या टेबलावर वेफर्सचं पाकीट होतं. बंद. ते फुगून टम्म झालं होतं. बोट लावलं असतं तर फुटलं असतं.

खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं बर्फाची नक्षी. हीटर मात्र चालू.

आणि हे त्या खोलीत मजेत. ओठ गुलाबी. डोकेदुखी नाही. खाली जेवायला आले की यांना अस्वस्थ व्हायचं, कधी एकदा वर जातो असं व्हायचं. मग अंथरूणही वर नेलं.

संध्याकाळी मी घरभर निरांजन फिरवते, माझा रोजचा नेम आहे. जिन्यात आले की ज्योत बारीक व्हायची. वारा नाही. थरथरायचीही नाही. नुसती लहान लहान होत जायची... आणि शेवटच्या पायरीला विझायची.

एकदा अशीच विझलेलं निरांजन हातात घेऊन जिन्यात उभी होते. दार लोटलेलं होतं. आत हे बोलत होते. हळू आवाजात. लग्नाच्या नव्यानव्यात माझ्याशी बोलायचे तसे.

"नाही," हे म्हणाले. "तिला काही सांगितलेलं नाही."

मग थांबले. ऐकत असल्यासारखे.

मग हसले.

मी दार ढकललं. लॅपटॉपवर फक्त कॅमेरा चालू होता. बर्फ. खाणीचं काळं तोंड. त्याच्या बाजूच्या खांबावर खिळा, आणि खिळ्याला एक अंगठी. बाकीच्यांनी पाळी संपल्यावर आपापली काढून नेलेली असणार. ही एकटीच लोंबत होती.

"कुणाशी बोलत होता?"

"कुणाशी नाही. तिथली परिस्थिती बघत होतो."

"कोण आहे तिथे?"

"अगं, तिथे बाईला पाऊल ठेवू देत नाहीत," हे म्हणाले.

मी बाई म्हटलंच नव्हतं.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही तेव्हा. मला मत्सर वाटला. एखादी हाडामांसाची असती तर निदान कळलं असतं, माझ्यात काय कमी आहे ते. दगडाशी कशी बरोबरी करायची? मी जपाला बसले की मण्यामण्याला तोच विचार. ती वर आहे. माझ्या हातचा खण अंगाखाली घेऊन बसलीय. आणि ओटी मीच भरलीय तिची.

असा शेवटचा गुरुवार आला.

हळदीकुंकवाला मी मोजक्याच जणींना बोलावलं होतं. मागच्या गल्लीतल्या जयंतीताई, नाशिकच्या, सगळ्यांच्या मोठ्या. स्वप्नाली, ती इथल्या युनिव्हर्सिटीत रिसर्च करते, नुकतं लग्न झालंय, नवरा पुण्यात. अजून दोघी जणी. आणि शेजारची मारिका, डच आहे. ती आधीच इंग्रजीत विचारून गेली होती, माझा नवरा नाही, पार्टनर आहे, चालेल का?

जयंतीताई म्हणाल्या, "वीस वर्षं एकाच माणसाचे मोजे धुतेय ना? चालतंय. ये म्हणावं."

साडेचारलाच बाहेर काळोख झाला. समया लावल्या. मारिका कपाळावरचं कुंकू मोबाइलमध्ये बघत होती. जयंतीताईंनी फर्मान काढलं, नाव घेतल्याशिवाय कुणाला खिचडी मिळणार नाही.

मी खिचडी ढवळायला स्वयंपाकघरात गेले. मारिका ताटल्या काढायला माझ्याबरोबर आली. हॉलमधून एकेकीचे उखाणे ऐकू येत होते. स्वप्नालीचा अर्ध्यात अडला, आणि सगळ्या हसल्या.

"फोन लावून विचार त्याला, पुढे काय म्हणू," जयंतीताई म्हणाल्या.

पुन्हा हशा.

मग एकदम शांत झालं.

खूपच शांत. कढईतली खिचडी चरचरत होती, तेवढाच आवाज.

मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी ताटल्या घेऊन बाहेर आले. जयंतीताई माझ्याकडे बघून हसत होत्या.

"काय गं मंजूषा, एवढी लाजतेस होय? जिन्यात अंधारात उभं राहून नाव घेतलंस."

"मी?"

"नाहीतर कोण? आणि इतकी वर्षं म्हणत होतीस, मला उखाणे सुचत नाहीत. कसला घेतलास. अंगावर काटा आला बघ."

मी हातातल्या ताटल्या खाली ठेवल्या.

"ताई, काय घेतला मी?"

"आता आमच्याकडून ऐकायचाय?" स्वप्नाली म्हणाली, आणि तिनं जसाच्या तसा म्हणून दाखवला.

"विरळ वारा, गोठलं पाणी, पोटात सोन्याची शीर,
शैलेंद्ररावांचं नाव घेते, आता धरवत नाही धीर."

मी जिन्याकडे पाहिलं. जिना रिकामा होता.

माझ्या मागे मारिका उभी होती. तिला मराठी कळत नाही. तिनं माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "तुझा आवाज होता तो. जिन्यातून आला. पण तू तर माझ्याजवळ होतीस ना?"

मी वर गेले. अर्ध्यातच श्वास संपला. कठड्याला धरून, हातांनी स्वतःला ओढत गेले.

खोलीत इतकी थंडी, की तोंडातून वाफ निघत होती. हे लॅपटॉपपुढे बसले होते. माझ्याकडे वळून म्हणाले,

"पुन्हा का आलीस? आत्ताच तर गेलीस खाली."

"मी आले नव्हते."

"मंजू, गंमत करू नकोस. तूच म्हणालीस ना, आता वेळ नको, उद्याच निघा. बदललं तिकीट. सकाळी निघतोय." आणि मग जरा थांबून म्हणाले, "किती छान बोललीस आज माझ्याशी."

हे शेवटचं वाक्य मला जितकं लागलं, तितकं बाकी काही लागलं नाही.

स्क्रीनवर तेच खाणीचं तोंड होतं. बर्फामुळे खाण आठवडाभर बंद होती, तिथे कुणी चिटपाखरू नव्हतं. खांब होता. खिळा होता.

खिळ्यावर अंगठी नव्हती.

मी दगडाकडे पाहिलं. पहिल्या गुरुवारनंतर मी त्याला हात लावला नव्हता. आणि त्याच्यावर हळदकुंकू होतं...

ओलं. आत्ताच लावल्यासारखं.

खाली बायका वाट बघत होत्या. मी उतरले, खिचडी वाढली, प्रत्येकीच्या हातात फळ दिलं, नमस्कार केला. कुणाला काही बोलले नाही. जयंतीताईंनी जाताना गालाला हात लावला. "गार पडलीयस गं. झोप जरा."

झोप कसली. देवापुढे बसून राहिले.

सकाळी हे आंघोळीला गेले. बॅग दाराशी भरून तयार होती. मी माळ्यावर गेले, दगड खणात गुंडाळला, नारळ घेतला, आणि तशीच अनवाणी पायात बूट सारून कालव्यावर गेले. आमच्या घरापासून कालवा जवळ आहे. उजाडलं नव्हतं. धुक्यात पाणी दिसत नव्हतं, नुसता त्याचा वास येत होता.

मी काठावर बसले. मी कधी कुणाशी भांडलेली नाही. तिच्याशीही भांडले नाही.

"बाई गं," म्हटलं, "घरी आलीस, मान दिला, ओटी भरली. आता तुझ्या घरी जा. माझा माणूस माझ्यापाशी राहू दे."

कुंकू लावलं. अक्षता वाहिल्या. आणि सोडला पाण्यात.

आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं...

"पुनरागमनाय च."

ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कलश हलवताना, गणपती पोहोचवताना, कुठलंही विसर्जन करताना आम्ही हेच म्हणतो. पुन्हा यावं म्हणून. जन्मभर म्हणत आले, जीभ थांबलीच नाही. शब्द बाहेर पडल्यावर मला कळलं मी काय बोलले.

पाण्याचा आवाज झाला नाही. एवढा जड दगड पडला, आणि आवाज झाला नाही.

घरी आले तर हे जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. कोट घातलेला, एकाच पायात बूट.

"मंजू," म्हणाले, "मी कुठे निघालो होतो गं?"

मी त्यांच्या पायातला बूट काढला.

हे गेले नाहीत. त्याच आठवड्यात दरड कोसळून खाणीचं तोंड बुजलं. आत कुणी नव्हतं, देवाची कृपा. मालकांनी ती कायमची सोडून दिली. यांनी रॉटरडॅमच्या एका ऑफिसात काम धरलं. रक्त पुन्हा नीट झालं. माळ्यावर मी आता पापड, मसाले ठेवते. पाकिटं फुगत नाहीत. निरांजन शेवटच्या पायरीपर्यंत तेवतं. जयंतीताई सगळ्यांना सांगतात, मंजूषाचे गुरुवार पावले.

पावले. मी नाही कुठे म्हणते.

फक्त...

मी स्वयंपाकघरात असते. हे हॉलमध्ये मोबाइल बघत बसलेले असतात. मी एक शब्दही बोललेली नसते. आणि हे मध्येच मान वर करतात.

"आलो गं," म्हणतात, आणि लगबगीनं जिना चढून वर जातात.

पहिल्यांदा मी म्हटलं, "अहो, मी इथे आहे."

"मग वरून हाक कुणी मारली? तुझाच तर आवाज."

थोड्या वेळानं खाली येतात. वर कुणी नव्हतं म्हणतात. चेहरा मात्र प्रसन्न असतो. मला ती हाक आजवर एकदाही ऐकू आलेली नाही. माझाच आवाज आहे म्हणतात. मग जळू तरी कुणावर? पण जळते मी. माझ्या हाकेला हे दोन वेळा "हो" म्हणतात आणि जागचे हलत नाहीत.

काल मी ठरवलं. म्हटलं, आपणच वर जाऊन हाक मारायची. बघू, मला किती लगबगीनं येतात.

हे हॉलमध्ये एकटेच होते. मी माळ्यावर गेले, पापडांच्या डब्यापाशी उभी राहिले, आणि हाक मारली.

"अहो, वर या ना जरा."



मी पुन्हा मारली.

मग जिन्याच्या तोंडाशी यांचा आवाज आला. हळू. जवळ बसलेल्या माणसाशी बोलतात तसा.

"मंजू, तू बस. वरून कुणीतरी हाक मारतंय... बघून येतो."

यांची पावलं वर येत होती. मी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं नाही.

यांना विचारलेलंही नाही अजून, खाली कोण बसलं होतं ते.